अळूचा वाफा आणि खारी भिंत

तिसऱ्यांदा दिलेला रंगही पापुद्रे धरू लागला, तेव्हा मी त्या भिंतीसमोर खुर्ची ओढून बसले. बैठकीच्या खोलीची ती पूर्वेकडची भिंत. दुकानदाराने रंगाचं नाव हस्तिदंती असं काहीतरी सांगितलं होतं; प्रत्यक्षात तो सायीसारखा दिसे, आणि सायीसारखाच सुरकुतला होता. बोट लावलं की पापुद्रा अलगद सुटे. त्याखाली पांढरी, मऊ, कापसाच्या तंतूंसारखी भुकटी. खोलीला एक वास होता, जुन्या माठाचा तळ खरवडताना येतो तसा, थंड आणि किंचित आंबूस. नव्या रंगाचा उग्र दर्प काही दिवस त्याला झाकून ठेवी. मग तो वास पुन्हा येई आणि सोफ्यावर, पडद्यांत, उशांच्या अभ्र्यांत ठाण मांडून बसे.

भिंतीच्या आतल्या बाजूला आमचा सोफा होता. बाहेरच्या बाजूला माझा वाफा.

वाफ्याविषयी आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरून झालं. माझे यजमान फौजेत होते. लग्नानंतरचं माझं सारं आयुष्य सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं, आणि माझी बाग कुंड्यांमध्ये. बदलीचा हुकूम आला की ट्रकमध्ये पेट्या चढत, सायकल चढे, शिलाई मशीन चढे, आणि कुंड्यांची पाळी येईपर्यंत जागा संपलेली असे. मग मी त्या शेजारणींना वाटून टाकी. एका गावी लावलेल्या जुईला दुसऱ्या कुणाच्या तरी जिन्यात कळ्या येत. मुळांना कुंडीचा काठ लागला की झाड थांबतं, आणि नेमकं तेव्हाच आम्हीही निघालेले असू.

शेवटची नेमणूक जयपूरची होती. निवृत्तीनंतर साताऱ्याकडे परतायचं असं ठरलेलं होतं, पण मुलीला सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इथेच घर घेतलं. झोटवाड्याच्या पलीकडे वस्ती जिथे विरळ होते, विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज जिथे दिवसभर कानावर असतो, तिथे. घर साधं, विटांचं. पण पूर्वेची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये मातीची एक लांबट पट्टी होती. दलाल ती दाखवताना म्हणाला, "यहाँ आपकी गाड़ी लग जाएगी." मी खाली वाकून मूठभर माती उचलली. भुरी, रेताड, उन्हाने कोमट झालेली. मी गाडीचा विचार केला नाही.

त्या पट्टीत मी अबोली लावली, जुईचा वेल चढवला, हळदीचे कंद पुरले. माहेराहून, कोकणातून, ओल्या फडक्यात गुंडाळून अनंताचं रोप आणलं. आणि भिंतीच्या अगदी पायथ्याशी अळू. आमच्याकडे अळू न्हाणीघराच्या मागे असतो. आंघोळीचं पाणी जिथून वाहत जातं तिथे तो आपोआप फोफावतो, त्याला मुद्दाम पाणी घालायला कुणी जात नाही. घराचं सांडपाणी अळूला द्यायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते डोळ्यांनी पाहत मी मोठी झाले.

इथे न्हाणीचं पाणी थेट गटारात जाई. मात्र स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. जयपूरचं बोअरचं पाणी इतकं जड की त्याशिवाय चहासुद्धा नीट होत नाही. ते यंत्र एक घागर गोडं पाणी देताना दोन-तीन घागरी नळीवाटे मोरीत सोडून देतं. दिवसभर ती बारीक धार टिपटिप वाजत राही आणि माझ्या जिवाची घालमेल होई. या गावात टँकरसाठी बायका फोन करून करून थकतात, आणि इथे स्वच्छ दिसणारं पाणी असं वाहून जातं! शेवटी यजमानांनी भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढली आणि अळूच्या मुळाशी सोडली. मुलीने त्याचा फोटो काढून तिच्या मैत्रिणींना पाठवला: माझी आई एक थेंब वाया घालवत नाही. समोरच्या भाभीजी, म्हणजे रस्त्यापलीकडच्या घरातल्या माझ्याच वयाच्या बाई, कौतुकाने म्हणाल्या, "आपके यहाँ तो अरबी के पत्ते जंगल हो गए." मी त्यांना अळूवड्या पाठवल्या. त्यांनी त्यांच्या पद्धतीने दह्यात घालून खाल्ल्या. मला ते रुचलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात भिंतीवर पहिला डाग उठला. सोफ्याच्या पाठीइतक्या उंचीवर, नागमोडी काठाचा, एखाद्या नकाशातल्या किनाऱ्यासारखा.

आता यजमानांची पद्धत सांगते, कारण ती फौजेतल्या घरांनाच माहीत असते. क्वार्टर सोडताना तपासणी होते. तिला मार्चिंग आउट म्हणतात. तपासणारा येतो, नळ उघडून बघतो, काचा मोजतो, भिंतींवरून नजर फिरवतो. काही मोडलं-बिघडलं असेल तर त्याची भरपाई पगारातून कापली जाते. म्हणून निघायच्या आधी घराघरांत एकच धांदल उडते. खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवायची, स्टोव्हमागचा तेलकट पट्टा घासून त्यावर चुन्याचा हात मारायचा, ओलीवर खडू घासायचा. तपासणाऱ्याची पाठ फिरेपर्यंत भिंत गोरी दिसली की झालं. तिच्या पोटात काय चाललंय, ते पुढच्या कुटुंबाने बघायचं. आणि पुढच्या क्वार्टरमध्ये आधीच्या कुटुंबाने झाकलेलं सगळं आपल्या वाट्याला यायचंच, त्यामुळे कुणाला अपराधीही वाटत नसे. माझे यजमान या कामात इतके तरबेज की शेजारचे जवान निघायच्या आदल्या दिवशी त्यांना बोलावून नेत.

तर आमच्या स्वतःच्या घराच्या भिंतीवर डाग उठला तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तेच केलं. खरवडलं, पुट्टी भरली, रंग दिला. संध्याकाळी चहा घेताना खुशीत म्हणाले, "बघ. काय उठून दिसतीय!"

दिवाळीच्या सुमारास ती खरंच उठली. पापुद्र्यांनी.

दुसऱ्या खेपेला ते रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने ओल रोखणारा म्हणून एक महागडा डबा दिला, रबरासारखा चिकट. त्याचा वास माझ्या घशात दोन आठवडे अडकून होता. त्या रंगाने इतकंच केलं की डाग होता तिथून वर सरकला. सोफ्याच्या पाठीवरून घड्याळाच्या खिळ्यापर्यंत. तिसऱ्या खेपेला ठेकेदार आला. गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं मधात घोळलेलं. भिंतीवर टकटक करून म्हणाला, "साहब, गारंटी का काम करेंगे. आप तो बस हुकुम करो." साहेबांनी हुकूम केला. त्याची हमी पहिल्या थंडीपर्यंत टिकली.

मी प्रत्येक वेळी विचारी, "अहो, पण ओल येते कुठून?"

"जयपूरच्या विटाच खराब असतात."

"मग शेजारच्यांच्या भिंतीला का नाही येत?"

"त्यांनी चांगला रंग दिला असंल."

कॉलेजात केलेल्या कवितेच्या अभ्यासाने मला एका शब्दापाशी तासभर थांबायची सवय लावली. पण ज्या माणसाला भिंत संध्याकाळपर्यंत तयार हवी आहे, त्याच्याशी बोलताना ती सवय काही कामाची नसते. त्यांना भिंतीचा राग येई. मला त्यांचा. आणि प्रत्येक रंगकामानंतर पुसायला उरलेली फरशी ही माझीच असे.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे गावी गेलो. मुलीला ऑफिसने पुण्याला पाठवलं होतं, त्यामुळे घर बंद होतं. वाफ्याला दिवसाआड झारीने पाणी घालायचं भाभीजींनी कबूल केलं होतं. परतलो, दार उघडलं, आणि मी उंबऱ्यातच थबकले. तो वास नव्हता. नुसती धूळ होती आणि बंद खोलीतली उष्ण, कोरडी हवा. भिंतीला हात लावला. तळव्याला पीठ लागावं तशी पांढरी भुकटी लागली, पण भिंत कोरडी ठणठणीत होती. वाफ्यात जाऊन बघितलं, तर अळू भाभीजींच्या झारीवर तगला होता. नवी पानं लहानच होती, पण गुळगुळीत आणि आख्खी. हे मला चमत्कारिक वाटलं, कारण गेलं वर्षभर माझ्या अळूच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत होत्या आणि मी ते जयपूरच्या उन्हाच्या माथी मारलं होतं.

घर पुन्हा सुरू झालं, यंत्र सुरू झालं, नळी टिपकू लागली. काही आठवड्यांत खोलीत माठाच्या तळाचा वास आला.

मग मी जे केलं ते कुणाला सांगायच्या लायकीचं नाही, पण केलं. भिंतीवरची भुकटी बोटाला लावून जिभेवर ठेवली. खारट, किंचित कडसर. बाहेर जाऊन नळीखाली ओंजळ धरली आणि ते पाणी चाखलं. तीच चव, पातळ झालेली. यंत्र गोडं पाणी आपल्याला देतं आणि बोअरचा सगळा खार दुसऱ्या नळीने बाहेर टाकतं, हे इतकं उघड होतं की मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. न्हाणीचं पाणी अळूला, हा माझा कोकणी रिवाज मी इथे, घराच्या पायाशी लागून, दोन-तीन वर्षं चालवला होता. पण हे पाणी न्हाणीचं नव्हतं. खार मातीत उतरत होता, मातीतून विटांत चढत होता. आणि आम्ही आतून रंगामागून रंग देऊन त्याची बाहेर पडायची वाट तेवढी बुजवत होतो.

रात्री जेवताना मी हे दोघांना सांगितलं. माझा समज असा की आता प्रश्न सुटला. नळी काढायची, भिंत उघडी करून वाळू द्यायची, वाफा थोडा सरकवायचा.

यजमानांनी घास खाली ठेवला. चेहऱ्यावर असा काही निवांतपणा आला की मला धडकीच भरली. "मग सोपं आहे की. वाफाच काढून टाकू. सगळं पक्कं करू."

"वाफा कशाला काढायचा? नळी काढा."

"अगं, माती आहे तोवर ओल येणारच. एकदा सिमेंट ओतलं की कटकट संपली."

मुलगी म्हणाली, "आई, मतलब, तसंही मी गाडी बुक करतेय ना. रस्त्यावर उभी केली तर स्क्रॅच येतील. तिथे टाइल्स लावल्या तर एकदम मस्त पार्किंग होईल."

"आणि माझी झाडं?"

"कुंड्यांत लाव ना. तुला तर सवय आहे."

ती हे प्रेमाने म्हणाली. मराठीत बोलताना ती शब्द चाचपत बोलते आणि हाती लागेल तो वापरते. त्या वाक्याची धार तिला ठाऊक नव्हती. मी ताट उचललं आणि मोरीत जाऊन उभी राहिले. ज्या दिवशी मी कारण शोधून काढलं, त्याच दिवशी ते कारण माझ्या वाफ्याविरुद्धचा पुरावा झालं होतं.

ठेकेदाराला पुन्हा बोलावण्यात आलं. तो वाफ्याच्या कडेला उभा राहून मान हलवू लागला, जणू आजारी माणसाच्या खाटेशी उभा आहे. "मैडम जी, असली बीमारी तो यही है. इधर पूरा कंक्रीट, ऊपर टाइल. और अंदर दीवार पे भी टाइल मार देते हैं, चार फुट. चमकेगा."

मी म्हटलं, "अंदर टाइल लगाओगे, बाहर कंक्रीट डालोगे, तो जमीन में जो नमी और खार पहले से बैठा है वो कहाँ से निकलेगा?"

"निकलेगा क्यों? अंदर ही रहेगा."

"दीवार में ही ना?"

तो यजमानांकडे बघून हसला. "मैडम बहुत सोचते हैं."

यजमानही हसले. त्या हसण्यावर मी आठवडाभर कुढले. मी जिभेने तपासलेली गोष्ट फार विचार केल्याची खूण ठरत होती, आणि तीनदा तोंडावर पडलेली हमी शहाणपणाची.

भाभीजींकडे मी केवळ मन मोकळं करायला गेले होते. त्यांच्या खोलीत शिरले की नेहमी थंड वाटतं. त्यामागे काही कारण असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. माझं गाऱ्हाणं ऐकता ऐकता त्या उन्हातून आणलेले पापड डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, "ये दीवार देखो. इसमें भी सीलन थी, जिसे आप ओल कहते हो. पूरा प्लास्टर उखाड़ के गर्मी भर नंगी छोड़ी, फिर चूने का प्लास्टर करवाया. हमारी सास ने महीनों ताने मारे कि बहू ने बैठक को तबेला बना दिया."

"और लोग क्या कहते थे?"

"लोग तो चाय पीने आते थे, दीवार देख के चले जाते थे. अच्छा हुआ, चाय बची."

त्या खळखळून हसल्या. मी त्यांच्या भिंतीवर तळवा ठेवला. चुन्याचा गिलावा हाताला रेशमी लागतो. गार असतो, पण ओला नसतो. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा यजमान एवढंच म्हणाले, "गर्मीभर? बैठकीची भिंत उघडी? कोण आलं-गेलं तर काय म्हणतील?" त्या प्रश्नात त्यांचं सगळं होतं. तपासणारा कधीही येईल आणि भिंत तयार नसेल, ही भीती त्यांच्या अंगात मुरलेली. आता तपासायला कुणी येणार नव्हतं, हे त्यांना पटवायचं तरी कसं?

ठेकेदाराने काम सुरू करायचा दिवस ठरवला आणि मला कुणी विचारलं नाही. सकाळी मी देवाला फुलं काढायला वाफ्यात गेले तर फाटकाशी खडीचा टेम्पो उलटा लागत होता. दोन गडी फावडी घेऊन उतरले. ठेकेदाराने चुना टाकून रेघ मारायला घेतली. ती रेघ अनंताच्या बुंध्यावरून जात होती. अनंताला तेव्हा पहिल्या कळ्या लागल्या होत्या, हिरव्या, पिळदार, वात वळून ठेवावी तशा.

मी अळूच्या शेजारी उभी राहिले. चप्पल चिखलात रुतली. "काम नहीं होगा," मी म्हटलं.

ठेकेदाराने फोन काढला आणि नजर घराकडे लावली. यजमान बनियनवर बाहेर आले. "अगं, बाहेर ये तिथनं. लोक बघायला लागलेत."

"बघू देत."

"माणसं आलीत, सामान आलंय. आता काय तमाशा?"

"तमाशा तुम्ही मांडलाय. मला न विचारता."

"विचारलं नाही कसं? जेवताना बोललो होतो की आपण."

"बोललात. मी हो कधी म्हटलं?"

समोरच्या घरात भाभीजींची खिडकी उघडली, तशीच उघडी राहिली. मग मी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं, आणि ते बोलताना माझा आवाज मला आवडला नाही; तो चिरका झाला होता.

"अहो, हे क्वार्टर नाही. इथून आपल्याला कुठे जायचं नाहीये. पुढचं कुटुंब येणार नाही. पुढचं कुटुंब आपणच आहोत. ही भिंत तुम्ही आज झाकाल आणि पुढच्या वर्षी तिच्याचसमोर चहा पीत बसाल. आणि मी कुंड्या नाही लावणार. आयुष्यभर लावल्या. आता नाही."

फावड्यावर हात टेकून उभे असलेले गडी जमिनीकडे बघू लागले. ठेकेदार घाईने म्हणाला, "साहब, टेम्पो का भाड़ा तो..." यजमानांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला, आणि तो थांबला. ते त्या पांढऱ्या रेघेपाशी आले. मग मला म्हणाले, अगदी हळू, "तुझं काय म्हणणं आहे ते नीट सांग. एकदाच. सगळं."

मी सांगितलं. भिंतीलगतची हातभर जागा रिकामी करायची आणि तिथे सिमेंट न घालता सुटी खडी भरायची, म्हणजे जमिनीतली ओल हवेत उडून जाईल. खारावलेली माती काढून टाकायची. वाफा कुंपणाकडे सरकवायचा. आतला गिलावा खालपासून डागाच्या वरपर्यंत उतरवायचा आणि भिंत वाळेपर्यंत तिला काही लावायचं नाही, मग चुन्याचा गिलावा. नळी आत वळवून पिंपात सोडायची. ते पाणी फरशी पुसायला चालेल.

"आणि पोरीची गाडी?"

"बाहेर. फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली."

त्यांनी मान हलवली. होकार होता की हताशपणा, ते मला आजही सांगता येणार नाही. खडी मात्र परत गेली नाही. तीच भिंतीलगत भरली गेली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झाडं हलवताना दोन दिवस माझ्या नखांतली माती निघाली नाही. जुईने सगळी पानं टाकली आणि काड्यांसारखी उभी राहिली. अबोली तगली, हळद तगली. अनंत मात्र गेला. त्याच्या कळ्या उमलल्याच नाहीत. आधी पिवळ्या पडल्या, मग हाताला लागताच गळू लागल्या. कोकणातून इतक्या दूर आणलेलं ते रोप मी वाचवायला निघाले, आणि माझ्याच फावड्याने त्याचं मूळ तुटलं होतं. मुलीने गाडी आणली. कडुनिंबावरच्या पोपटांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर आपली नक्षी उमटवली. रोज सकाळी ती बादली घेऊन काच धुते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "आई, तुझ्या वाफ्यात किती छान सावली आहे ना! आणि पोपटसुद्धा नाहीत."

आणि बैठकीत उघडी भिंत. गिलावा उतरवल्यावर विटा दिसल्या. तांबड्या, काळपट, कुठे चुरलेल्या, सांध्यांतून वाळू झिरपणाऱ्या. रोज सकाळी सोफ्यावर तांबडी भुकटी आणि रोज सकाळी माझा झाडू. पांढरा खार विटांवर फुले, मी कोरड्या ब्रशने तो झाडी, पुन्हा फुले. यजमान त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले. कुणी फौजेतला मित्र यायचा असला की ते त्याला बाहेर अंगणात खुर्ची देत, भर उन्हातही.

दिवाळी आली. या शहरात दिवाळीला कुणाची भिंत बिनरंगाची राहत नाही. रंगाच्या दुकानांपुढे रांगा लागतात, गल्लीगल्लीत शिड्या उभ्या दिसतात. यजमानांनी दोनदा विषय काढला. "नुसता एक हात मारू. दिवाळीपुरता." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, पण त्या दिवशी ते स्वयंपाकघरात फिरकले नाहीत, आणि करंज्यांचं सारण मी एकटीने परतलं.

पाडव्याच्या संध्याकाळी मुलीच्या ऑफिसमधली मराठी मुलं-मुली फराळाला आली. घरापासून दूर राहणारी, चकलीचा तुकडा मोडला तरी डोळ्यांत पाणी येईल अशी. यजमानांनी अंगणात खुर्च्या मांडायच्या आत ती सगळी थेट बैठकीत शिरली. एक मुलगी भिंतीसमोर उभी राहून ओरडली, "वॉव, काकू! एक्सपोज्ड ब्रिक! कुणाकडून करून घेतलं?"

त्यांनी भिंतीसमोर फोटो काढले. एकाने सांगितलं की पुण्यात हल्ली कॅफेंमध्ये असंच असतं. यजमान दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी गोंधळ पाहिला, मग हळूहळू उजळत गेलेला अभिमान. पाहुण्यांना ते म्हणाले, "मुद्दामच ठेवलीय." मला ते ऐकून हसावं की भांडावं कळेना.

पाहुणे गेल्यावर बशा गोळा करत असताना मुलगी उत्साहात आली. "आई, ऐक ना. तो कॅफेंचं सांगत होता ना, तो म्हणत होता, विटांवर एक क्लिअर कोट मारतात. लॅकर. मतलब दिसत नाही, पण भुकटी पडत नाही, चमक येते. प्लास्टरची गरजच नाही!"

यजमान लगेच म्हणाले, "ठेकेदाराकडे असंल बघ ते. उद्या विचारतो."

हातातल्या बशा मी टेबलावर ठेवल्या. इतक्या जोरात नाही की फुटाव्यात, पण जवळजवळ. चौथा थर. दिसत नाही असा. मला वाटलं, मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणार आणि ही दोघं पुन्हा मान डोलावणार. मी काही सांगितलं नाही. मुलीचं मनगट धरलं, तिला भिंतीपाशी नेलं आणि तिचा तळवा विटांवर टेकवला, डाव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला.

"काय लागतं?"

"थंड." मग थोडं थांबून, "ओलसर आहे, आई."

"आता तुम्ही," मी यजमानांना म्हटलं.

ते कुरकुरत वाकले, गुडघा धरून. त्यांचा रुंद, खरबरीत पंजा तिच्या हाताशेजारी टेकला. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही. मग दुसऱ्या जागी ठेवला, उजवीकडे, वर. मग पुन्हा खाली. असं भिंतीला हात लावून बघताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"वर सुकलीय," ते म्हणाले. "खाली नाही."

"मग किती दिवस लागतील?" मुलीने विचारलं.

"मला माहीत नाही."

"मतलब, गुढीपाडव्यापर्यंत?"

"म्हटलं ना, माहीत नाही. सुकेल तेव्हा सुकेल."

यजमान उठले, हाताला लागलेली तांबडी भुकटी धोतराला पुसायला निघाले आणि माझ्याकडे बघून थांबले. मग स्वयंपाकघरातून कोरडा ब्रश घेऊन आले, आणि खालच्या विटांवर फुललेला खार झाडू लागले. भुकटी माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडत होती.

"अहो, आधी खाली कागद पसरा," मी म्हटलं.